ताट आपले, घास त्याचा

माणसाचा पहिला ठाम नकार बहुधा शब्दांत नसतो. दीड-दोन वर्षांचे मूल घास जवळ येताच ओठ घट्ट मिटते, मान वळवते, चिमुकल्या हाताने वाटी दूर लोटते. वाक्य बोलता येण्यापूर्वीच त्याने आपले म्हणणे मांडलेले असते. त्या क्षणी घरातील मोठी माणसे काय करतात, हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी नीतिशास्त्रातला एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्याचे हित आपल्याला कळते, पण त्याचे त्याला कळत नाही, त्याच्यावर ते हित लादण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? असल्यास तो कोठपर्यंत?

घरे आशीर्वादित करण्याच्या किंवा आजाऱ्यांना भेटण्याच्या निमित्ताने धर्मग्रामात घरोघरी जाणे होते. तेथे तरुण मातांकडून ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांत "फादर, हा काही म्हणता काही खात नाही" ही तक्रार अग्रक्रमाने असते. आजी लगेच पुस्ती जोडते, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." आणि मग मुलाकडे वळून कोणीतरी म्हणते, "खा बघू, नाहीतर फादर रागावतील!" न आलेल्या रागाचे श्रेय माझ्या पदरी पडते, याचे क्षणभर हसू येते. पण पाच हजारांना पोटभर जेवू घालणाऱ्या प्रभूचा सेवक एका बालकाच्या मनात घास आणि भीती यांना जोडणारा दुवा म्हणून उभा राहावा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मूल का खात नाही?

कोणत्याही कृतीचा नैतिक विचार करण्याआधी वस्तुस्थिती नीट जाणून घ्यावी, असा दंडक आहे. बाळाचे जन्मतः असलेले वजन पहिल्या वाढदिवसापर्यंत साधारण तिप्पट होते. तीन किलोंचे बाळ नऊ किलोंचे होते. त्यानंतरच्या संपूर्ण वर्षात मात्र त्याचे वजन जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. आईला मात्र वाटते, कालपर्यंत वाटीभर खाणारे माझे लेकरू आज चार घासांवर थांबते, म्हणजे काहीतरी बिघडले. वास्तविक बिघडलेले काहीच नसते. निर्मात्याने घालून दिलेल्या क्रमानेच ते शरीर चाललेले असते.

दुसरी गोष्ट अशी, की दोन वर्षांच्या आसपास मुलाला अनोळखी अन्नाचा संशय वाटू लागतो. हा संशय पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत कमीअधिक प्रमाणात टिकतो. पायात बळ आलेले, अंगणात आणि वाडीत एकटे हिंडू लागलेले मूल दिसेल ते तोंडात घालू लागले, तर विषारी पाला किंवा बीही त्याच्या पोटात जाईल. 'जे ओळखीचे नाही ते खाऊ नये' ही शहाणीव त्याच्या देहात उपजतच पेरलेली दिसते. गोडाची आवड आणि कडूचा तिटकाराही असाच जन्मजात आहे. म्हणून केळे पाहून हसणारे मूल मेथीची भाजी पाहून तोंड फिरवते. तो हट्टीपणा नसतो. ते आपल्या वयाचे काम चोख करीत असते.

तिसरे कारण मात्र निसर्गाचे नसून आपले असते. दिवसातून चार-पाच वेळा दुधाची बाटली, मधूनमधून बिस्किटे, रडू नये म्हणून वेफर्सचे पाकीट, पाहुण्यांनी दिलेले चॉकलेट, आणि जेवणाच्या वेळी "भूक कशी नाही?" हा प्रश्न! या वयात दिवसाला साधारण अर्धा लिटरपेक्षा अधिक दूध प्यायल्यास पोट भरलेले राहते, जेवणाची इच्छा उरत नाही आणि शरीराला लोह कमी पडते. ज्याचे पोट आपणच भरून ठेवले, त्याने भूक दाखवावी अशी अपेक्षा करणे न्यायाला धरून नाही.

पाप कोणाचे?

ख्रिस्ती परंपरेने खाण्याच्या नीतीचा विचार फार पूर्वीपासून केलेला आहे. सात प्रमुख पापांमध्ये खादाडपणाची गणना होते. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोपपदावर आलेले संत ग्रेगरी महान यांनी या पापाचे पाच प्रकार सांगितले आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी त्यांचा ऊहापोह केला. वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचाच सोस धरणे, अतिप्रमाणात खाणे, अधाशीपणाने खाणे आणि चोखंदळपणे, जिभेचे चोचले पुरवीत खाणे, असे ते पाच प्रकार. म्हणजे थोडे खाणाराही खादाड ठरू शकतो. 'हे नको, ते असेच हवे' ही वृत्तीदेखील जिभेची गुलामीच होय.

मग दोन वर्षांचे चोखंदळ बालक या पापाचे धनी ठरते काय? मुळीच नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार सात वर्षे पूर्ण झाल्यावर व्यक्तीला विवेकबुद्धी आली असे गृहीत धरले जाते. विवेक नाही तेथे पाप नाही. बालकाच्या नकाराला 'दुष्टपणा', 'माज', 'नाटक' अशी नावे देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मात्र त्याच ताटाभोवती बसलेली मोठी माणसे विवेकाच्या वयाची असतात. नीतीचा प्रश्न म्हणून मुलाला विचारायचा नसतो. तो आपल्याला विचारायचा असतो. रविवारी मटण नीट शिजले नाही म्हणून ताटावरून उठणारा बाप आपल्या मुलाला दुधी भोपळ्याचे गुण कोणत्या तोंडाने सांगणार? संत ग्रेगरींच्या यादीतील पाचवा प्रकार त्या घरात नेमका कोणाला लागू पडतो, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बळ, भय, लोभ आणि भूल

मुलाने नकार दिला की आपण साधारणपणे चार उपाय योजतो. त्या प्रत्येकाकडे नीतीच्या डोळ्यांनी पाहू या.

पहिला उपाय बळाचा. मुलाला मांडीवर आडवे करून, हात धरून, प्रसंगी नाक दाबून घास आत ढकलला जातो. यात अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, हे तर खरेच. पण त्याहून खोल इजा मनाला होते. जिच्या कुशीत सर्वांत सुरक्षित वाटावे, तिच्याच हातून आपल्या देहावर जबरदस्ती होते, हा अनुभव ते मूल घेते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या आपल्या जाहीरनाम्यात शिकवले, की सत्याचा स्वीकार बळजबरीने करवून घेता येत नाही. तो माणसाच्या प्रतिष्ठेला बाध आणतो. ती शिकवण श्रद्धेविषयी आहे, पेजेविषयी नाही, हे मी जाणतो. परंतु माणसाविषयीची जी दृष्टी तिच्यामागे आहे, ती माणूस मोठा झाल्यावरच लागू होते असे नाही. ज्या परमेश्वराने तारणासाठीही आपल्यावर बळ वापरले नाही, त्याची लेकरे भोपळ्याच्या घासासाठी ते वापरतात, हे विचित्र नव्हे काय?

दुसरा उपाय भयाचा. बागुलबुवा, पोलीस, सुई टोचणारा डॉक्टर आणि शेवटी फादर! यात भीतीबरोबर असत्यही आहे. पोलीस येणार नसतो आणि डॉक्टर न जेवल्याबद्दल सुई टोचत नसतो. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा बालकापुढे शिथिल होते, असे कोठेही सांगितलेले नाही. चार-पाच वर्षांचे झाल्यावर मुलाला उमगते की कोणीच येत नाही. त्या दिवशी बागुलबुवा खोटा ठरतो आणि त्याच्याबरोबर आईवडिलांचा शब्दही. "देवबाप्पा रागावेल" असे सांगणाऱ्याने तर अधिकच जपावे. परमेश्वराचे पहिले चित्र मुलाच्या मनावर आपण काढत असतो. ते पुसायला पुढे सारे आयुष्य पुरत नाही.

तिसरा उपाय लोभाचा. "भाजी संपव, मग चॉकलेट देईन." हा सौदा सर्वांना निरुपद्रवी वाटतो. मूल त्यातून काय शिकते? भाजी ही सोसायची गोष्ट आणि चॉकलेट हे जीवनाचे ध्येय! लिआन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की बक्षिसाच्या बदल्यात मुलांना दुधाचे एक पेय प्यायला लावले, तेव्हा ती आवड वाढण्याऐवजी घटली. लाच दिल्यावर काम होते, पण त्या कामाविषयीचे प्रेम मरते. मोठ्यांच्या जगातही आपण हेच पाहत नाही का? याच उपायाचा एक सूक्ष्म प्रकार म्हणजे "नाही खाल्लेस तर मम्मी रडेल." येथे आईचे प्रेमच चलनी नाणे बनते. आईचे प्रेम मिळवण्यासाठी काही गिळावे लागते, हा धडा फार महाग पडतो.

चौथा उपाय आजच्या काळाचा, भूल देण्याचा. मोबाइलवर नाचणारी चित्रे लावून दिली की मूल तोंड उघडते आणि घास आत जातो. आई सुटकेचा श्वास टाकते. पण त्या वेळी मूल जेवत नसते. त्याच्या शरीरात अन्न भरले जात असते. काय खाल्ले, किती खाल्ले, पोट केव्हा भरले, याचा त्याला पत्ताच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सल्ल्यानुसार एक वर्षाच्या बाळाने पडद्यासमोर मुळीच बसू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासाहून अधिक वेळ बसू नये. कोणी म्हणेल, आमच्या आज्यांचा 'चिऊचा घास, काऊचा घास' म्हणजे वेगळे काय होते? फरक मोठा आहे. चिऊ-काऊच्या खेळात आजी असते, तिचा आवाज असतो, घासाचे नाव घेतलेले असते, अंगणात कावळा खरोखर ओरडत असतो. तो खेळ मुलाला ताटाकडे आणतो. पडदा त्याला ताटापासून दूर नेतो.

दोन आक्षेप

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. "फादर, मूल औषध घेत नाही म्हणून आपण ते सोडून देतो काय? लस टोचताना ते रडते, तरी आपण टोचतोच ना? मग अन्नाच्या बाबतीतच ही सूट कशाला?" आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर असे, की लस आपले काम करण्यासाठी मुलाच्या संमतीवर अवलंबून नसते. ते रडले तरी रोगापासून त्याचे रक्षण होते, आणि प्रसंगही वर्षातून काही वेळाच येतो. जेवण ही रोजची कृती आहे आणि तिचा उद्देश आजचे पोट भरण्यापुरताच नाही. पुढे सत्तर-ऐंशी वर्षे हे मूल जे खाणार आहे, ते आपण भरवणार नाही. ते स्वतः निवडणार आहे. आपल्याला घडवायची आहे ती त्याची सवय, त्याची रुची, त्याचा संयम. संयम हा चार मूलभूत सद्गुणांपैकी एक. सद्गुण कृतीच्या सरावाने अंगी बाणतो, हे ॲरिस्टॉटलपासून संत थॉमसपर्यंत सर्वांनी मान्य केले. परंतु ती कृती ज्याची त्याने केलेली असावी लागते. दुसऱ्याने हात धरून गिरवलेले अक्षर काही काळ उपयोगी पडते, पण हात कधी सुटलाच नाही तर अक्षर कधी आपले होत नाही. बळाने अन्न पोटात जाते. सद्गुण जात नाही.

दुसरा आक्षेप आजीकडून येतो. "मग काय, त्याच्याच तंत्राने चालायचे? तो बिस्किटे मागेल, बिस्किटे द्यायची?" अजिबात नाही. बळजबरी सोडणे म्हणजे अधिकार सोडणे नव्हे. या दोहोंमधला मार्ग अमेरिकेतील आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात अतिशय सोप्या शब्दांत मांडला. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कोठे बसून खायचे, हे आईवडिलांनी ठरवावे. वाढलेल्यातले खायचे की नाही आणि किती खायचे, हे मुलाने ठरवावे. दोघांनीही एकमेकांच्या क्षेत्रात ढवळाढवळ करू नये. ताट आपले, घास त्याचा.

या विचाराला आधार देणारा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ विदुषीने १९२६ पासून काही वर्षे नुकतेच दूध तुटलेल्या पंधरा बालकांना आपले अन्न आपणच निवडू दिले. एकूण चौतीस पदार्थांची यादी होती. त्यांतले काही पदार्थ दर जेवणाला वेगवेगळ्या भांड्यांत समोर मांडले जात. परिचारिका चमचा घेऊन गप्प बसे. मूल ज्या भांड्याकडे बोट दाखवी त्यातलेच भरवी, कौतुक नाही आणि नापसंतीही नाही. मुलांची जेवणे मोठी तऱ्हेवाईक होती. कोणी एखाद्या वेळी फळांवरच राही, तर कोणी अंड्यांवर. तरी सर्व मुले सुदृढ वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाने तर बरे होईपर्यंत माशाच्या यकृताचे तेल आपणहून घेतले. पण १९३९ साली आपले निष्कर्ष मांडताना डॉक्टरीणबाईंनी स्वतःच स्पष्ट केले, की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, मिठाई नव्हती, कारखान्यातला एकही पदार्थ नव्हता. जे होते ते सारे साधे, ताजे आणि हितकर होते. अशा प्रयोगाला आजच्या नैतिक कसोट्यांवर परवानगी मिळणे कठीण. पण त्याने शिकवलेली गोष्ट मोलाची आहे. चांगल्या गोष्टींच्या मधोमध दिलेले स्वातंत्र्य मुलाला बिघडवत नाही.

आणि ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने मानवाला दिलेली एदेन बागेतील पहिली आज्ञा खाण्याविषयीच आहे. ती आज्ञा नकाराने सुरू होत नाही. बागेतील झाडांची फळे यथेच्छ खाण्याच्या परवानगीने सुरू होते, आणि मग एका झाडाची मर्यादा येते. बाग परमेश्वराने लावली, झाडे त्याने निवडली, सीमा त्याने आखली. फळ तोडण्यासाठी हात उचलणे मात्र आदामावर सोपवले. आईवडिलांच्या अधिकाराचा याहून सुंदर नमुना कोठे सापडेल? आपल्याकडून अपेक्षा आहे ती बाग लावण्याची. घरात वेफर्सची पाकिटे आणून ठेवायची आणि मग मुलाशी झटापट करायची, म्हणजे निषिद्ध झाड आपणच अंगणात लावण्यासारखे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांमध्ये दोन वर्षांखालील मुलांना वरून घातलेली साखर देऊ नये, असे सांगितले आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने इंटरनेटवरून माल विकणाऱ्या कंपन्यांना अशी सूचना केली, की चॉकलेटच्या चवीची पेये आणि तत्सम पदार्थ 'हेल्थ ड्रिंक' या वर्गात दाखवू नयेत. बागेत काय लावायचे, हे जाहिरातीने नव्हे, आपण ठरवायचे आहे.

वाट पाहण्याचे बळ

परमेश्वर स्वतः एका चोखंदळ कुटुंबाचा पिता होता, हे गणनाच्या पुस्तकातील अकरावा अध्याय वाचताना ध्यानात येते. रानात रोज सकाळी मान्ना मिळत असताना इस्राएल लोक मिसरातील काकड्या, कलिंगडे, कांदे आणि लसूण आठवून रडत होते. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्नाचे एक वैशिष्ट्य सांगितले आहे. ज्याने जास्त गोळा केले त्याचे उरले नाही आणि ज्याने कमी गोळा केले त्याला कमी पडले नाही. प्रत्येकाला आपापल्या भुकेपुरते मिळाले. भुकेचे माप परमेश्वराने प्रत्येकाच्या पोटात ठेवले. वाटी हे ते माप नव्हे. त्या लोकांना रोजच्या भाकरीवर विसंबायला शिकवण्यासाठी त्याने चाळीस वर्षे घेतली. आपण मात्र चार दिवसांत मुलाने पालक खावा असा आग्रह धरतो, आणि पाचव्या दिवशी "याला पालक आवडत नाही" असा निकाल देऊन मोकळे होतो.

आवड ही ओळखीतून जन्मते. एखादी नवी भाजी मुलाने स्वीकारण्यापूर्वी ती आठ-दहा वेळा, काही वेळा पंधरा वेळाही त्याच्यासमोर यावी लागते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. पहिल्यांदा मूल नुसते बघेल, दुसऱ्यांदा बोट लावेल, तिसऱ्यांदा जिभेला लावून थुंकेल. थुंकणे हाही ओळखीचाच एक टप्पा आहे. म्हणून नवा पदार्थ ताटात चमचाभरच वाढावा, सोबत मुलाच्या ओळखीचे काहीतरी असावे: मऊ भात, वरण, भाकरीचा कुस्करा, केळे. खाल्ले तर गाजावाजा नको. न खाल्ले तर चेहरा पाडणे नको. अर्ध्या तासाने ताट उचलावे आणि पुढच्या वेळेपर्यंत मधे काही देऊ नये. पाणी मात्र मागेल तेव्हा द्यावे. दोन दिवस जड जातील. आजीला तर फारच जड जातील! पण पोट भरलेले असताना थांबणे आणि भूक लागलेली असताना जेवणे, हे दोन्ही धडे मूल त्यातून शिकते.

यापेक्षाही प्रभावी उपाय म्हणजे एकत्र जेवणे. याच लिआन बर्च यांच्या १९८० सालच्या प्रयोगात, नावडती भाजी आवडीने खाणाऱ्या सवंगड्यांच्या पंगतीला बसलेली मुले काही दिवसांत ती भाजी स्वतः निवडू लागली. मूल उपदेश ऐकत नाही. ते पंगत बघते. पूर्वी आपल्या वसईच्या घरांमध्ये संध्याकाळची रोझरी झाली की सगळे कुटुंब एकत्र जेवायला बसे. वाडीतली भाजी, नदी-खाडीतली मासळी, भात आणि राजेळी केळी. मुलासाठी वेगळा स्वयंपाक नव्हता. त्याच्यासाठी तिखट कमी केलेले असे, काटे काढून दिलेले असत. आज आईचे जेवण ओट्याशी, वडिलांचे लोकल गाडीतून उतरल्यावर दहा वाजता आणि मुलाचे मोबाइलसमोर. जेथे कोणीच जेवताना दिसत नाही, तेथे मुलाने जेवायला कोणाकडून शिकावे? आठवड्यातून निदान रविवारी, मिस्साहून परतल्यावर, सर्वांनी एका ताटाभोवती बसावे, आणि जेवणापूर्वीची कृतज्ञतेची प्रार्थना मुलाच्या कानावर पडावी. जे मिळाले ते देणगी आहे, हे कळल्यावर नावडत्या भाजीकडेही माणूस निराळ्या दृष्टीने पाहतो.

आईच्या बाजूने दोन शब्द

ही सारी चर्चा वाचून एखाद्या तरुण मातेला वाटेल, आता फादरही मलाच दोष देऊ लागले. तसे नाही. आपल्या समाजात मुलाचे वजन म्हणजे आईच्या कर्तबगारीचे प्रमाणपत्र समजले जाते. लग्नसमारंभात चार बायका भेटतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "किती वाळलाय गं! खायला घालत नाहीस का?" त्या एका वाक्याची शिक्षा मुलाला रात्रीच्या जेवणाला भोगावी लागते. आई हातात वाटी घेऊन त्याच्यामागे धावते, तेव्हा तिच्यामागे सारी भावकी धावत असते. म्हणून बळजबरीच्या पापाचा वाटा मोजायचा तर तो शेजारपाजारपर्यंत मोजावा लागेल. संत पौलाने आपल्या पत्रांत बापांना मुलांना चिडीस न आणण्याची ताकीद दिली आहे. त्याच चालीवर आपण सासवांना, नणंदांना आणि हितचिंतकांना सुनेला चिडीस न आणण्याची विनंती करू या. आणि बापांनी वाटीची जबाबदारी अर्धी तरी आपल्याकडे घ्यावी.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. प्रत्येक नकार निरोगी नसतो. मुलाचे वजन घटू लागले, ते फिकट आणि निस्तेज दिसू लागले, माती खाऊ लागले, गिळताना ठसकू लागले, वारंवार उलट्या करू लागले, किंवा खाण्याचे पदार्थ कमी होत होत दोन-चारांवर आले, तर प्रार्थनेबरोबरच डॉक्टरांकडेही विनाविलंब जावे. देशात २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील, सहा महिन्यांवरील मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. तो सर्व थरांतील घरांत आढळतो. सुस्थितीतील घरे याला अपवाद आहेत, अशा भ्रमात राहू नये.

ज्यांना नाकारायला काहीच नाही

शेवटी एका अशा विचाराकडे वळतो, जो या विषयाला आपल्या घराच्या चार भिंतींबाहेर नेतो. आपली वसई ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. १९९२ साली, हा भाग ठाणे जिल्ह्यात असताना, जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषण तेथून अद्याप हद्दपार झालेले नाही. एकाच जिल्ह्यात एका घरी मूल ताट लोटते आणि दुसऱ्या घरी लोटायला ताट नसते. जो नाकारू शकतो, त्याच्याजवळ काहीतरी आहे. हे भान आपण बाळगले पाहिजे.

पण म्हणून "तिकडे मुले उपाशी मरतात आणि तू टाकतोस!" असे दोन वर्षांच्या मुलाला ऐकवावे काय? त्याने जबरदस्तीने गिळलेल्या घासाने जव्हारच्या मुलाचे पोट भरत नाही. त्या मुलाचे ऋण आपल्यावर आहे, आपल्या बालकावर नाही. ते आपण फेडावे: ताटात थोडे वाढून, उरलेले जपून वापरून, आणि वाचवलेल्यातून देऊन. भाकरी आणि मासळीच्या चमत्कारानंतर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, वाया जाऊ नयेत म्हणून. पोप फ्रान्सिस यांनी जून २०१३ मध्ये पर्यावरण दिनाच्या दिवशी अन्नाच्या नासाडीची तुलना गरिबांच्या ताटातून केलेल्या चोरीशी केली होती. प्रायश्चित्तकाळात अनेक घरांतून भुकेल्यांसाठी दानाची पेटी ठेवली जाते. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाताने त्यात नाणे टाकवावे. अन्न वाया घालवू नये, हे त्याला धाकातून न कळता अशा कृतीतून कळू दे.

संत मार्क सांगतो, की याइराच्या बारा वर्षांच्या मुलीला मरणातून उठवल्यावर येशूने तिच्या आईवडिलांना एकच घरगुती सूचना केली: तिला काहीतरी खायला द्या. काय द्यावे, किती द्यावे, हे तो सांगत नाही. तिने संपवलेच पाहिजे, असेही म्हणत नाही. द्या, एवढेच म्हणतो. आईवडिलांचे कर्तव्य त्या एका शब्दात आले आहे. चांगले अन्न रोज, वेळेवर, हसऱ्या चेहऱ्याने समोर ठेवायचे आणि थांबायचे. प्रकटीकरणाच्या ग्रंथात स्वतः प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो. आतल्याने दार उघडले तरच आत येऊन त्याच्या पंगतीला बसतो. त्याने आपल्यासाठी किती काळ वाट पाहिली आणि अजून पाहतो आहे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपल्या लेकरासाठी एका घासापुरती वाट पाहणे जड जाऊ नये.